गुडघ्याचं नवं लिगामेंट: कुठून घ्यायचं, कुठे बसवायचं

गुडघ्यातलं एसीएल, म्हणजे दोन हाडांना आतून बांधून ठेवणारं लिगामेंट, तुटलं आणि एमआरआयचं पाकीट काखेत मारून बडोद्यातला माणूस दोन डॉक्टरांकडे गेला, की बहुतेक वेळा दोन वेगळी उत्तरं घेऊन घरी येतो. एक म्हणतात, मांडीच्या मागची कंडरा काढून लिगामेंट बनवू. दुसरे म्हणतात, घोट्याजवळची घेऊ. एकीकडे स्क्रू, दुसरीकडे बटण. त्यात पुण्याहून मेहुण्याचा फोन येतो, की तिकडे आता 'ऑल-इनसाइड' करतात, ते विचारून घ्या. घरच्यांची समजूत होते, की कुणीतरी आपल्याला बनवतंय. सहसा तसं नसतं. दोन्ही डॉक्टर बरोबर असू शकतात. या शस्त्रक्रियेत शरीराच्या एका जागेचं काढून दुसऱ्या जागी लावायचं असतं, आणि कुठली जागा उणी पडलेली चालेल हे माणसागणिक बदलतं.

मी इथे फिजिओथेरपी करते. शस्त्रक्रिया सर्जन करतात, पण पुढचे आठ-दहा महिने तो गुडघा माझ्यासमोर असतो, त्यामुळे कुठल्या पद्धतीची किंमत पुढे कुठे मोजावी लागते ते रोज बघायला मिळतं. डॉक्टरांसमोर बसल्यावर ते काय सांगताहेत ते कळावं, आणि आपल्याला हवं ते विचारता यावं, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

तुटतं काय, आणि आपोआप का जुळत नाही

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड गुडघ्यात एकमेकांवर टेकलेली असतात. त्यांना धरून ठेवणारी मुख्य लिगामेंटं चार. दोन बाजूंना, दोन आत, एकमेकांना आडवी छेद देऊन गेलेली. आतल्या दोघांतलं पुढचं म्हणजे एसीएल. लांबी साधारण 3 सेंटिमीटर, रुंदी जेमतेम करंगळीएवढी. नडगी पुढे सरकू न देणं आणि पाय जमिनीवर रोवलेला असताना गुडघा फिरू न देणं, ही त्याची दोन कामं. यातलं दुसरं लक्षात ठेवा, पुढे पद्धतींची तुलना करताना बराच वाद त्यावरच येतो.

एसीएल तुटायला टक्कर लागतेच असं नाही. खेळातल्या बहुतेक घटनांत कुणी धडकलेलंच नसतं. धावता धावता दिशा बदलली, उडी मारून एका पायावर उतरले, पाय रुतला आणि अंग फिरलं. बडोद्यात यात गरब्याची भर: अनवाणी पाय, मातीचं मैदान, रात्रभराचा थकवा आणि गिरकी. दुचाकी घसरताना पाय टेकवून सावरायला गेलेले तर वर्षभर येत असतात. आतून 'कट्' असा आवाज आला आणि दोन-चार तासांत गुडघा टम्म सुजला, असं कुणी सांगितलं की एसीएलची शंका घ्यायची. ती सूज म्हणजे सांध्यात साठलेलं रक्त असतं. अशा गुडघ्याला मालिश करून घेऊ नका, ओळखीचा हाडवैद्य कितीही हातगुणाचा असला तरी.

तपासणीत आम्ही काय बघतो ते सांगते. गुडघा 20 ते 30 अंश वाकवायचा, एका हाताने मांडी घट्ट धरायची आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची. चांगल्या गुडघ्यात नडगी किंचित सरकते आणि टक्कन अडते. एसीएल तुटलेलं असेल तर ते अडणंच हाताला लागत नाही, नडगी मऊपणे पुढे येत राहते. मग तेच दुसऱ्या पायावर करून बघायचं, कारण काहींचे सांधे मुळातच सैल असतात. या तपासणीला लॅकमन टेस्ट म्हणतात. सरावलेल्या हाताला तिच्यावरून बरंचसं कळतं. एमआरआय मुख्यतः बाकी काय काय फाटलंय हे सांगतो. विशेषतः मेनिस्कस, म्हणजे पेशंट ज्याला 'गादी' म्हणतात ती.

गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट, एमसीएल, फाटलं तर बहुतेक वेळा पट्टा आणि व्यायामावर ते भरून येतं. एसीएल सहसा तसं भरत नाही. ते सांध्याच्या पोकळीत असतं. कुठलीही जखम भरताना आधी रक्ताची गुठळी तुटलेल्या दोन टोकांमध्ये बसते आणि तिच्या आधाराने नवं ऊतक वाढतं. सांध्यातलं वंगणासारखं पाणी ती गुठळी टिकूच देत नाही. टोकं वेगळीच राहतात आणि हळूहळू आक्रसतात.

शस्त्रक्रिया लागतेच का?

हा प्रश्न पद्धतीच्या आधी विचारायला हवा आणि तोच राहून जातो.

स्वीडनमध्ये 121 तरुण, सक्रिय माणसांवर झालेला एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांचं एसीएल नुकतंच तुटलेलं होतं. निम्म्यांची लवकर शस्त्रक्रिया केली. उरलेल्यांना आधी पद्धतशीर व्यायाम दिला, आणि गुडघा सटकत राहिला तरच नंतर शस्त्रक्रिया केली. दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनीही दोन्ही गटांच्या गुडघ्यांत, पेशंटच्या स्वतःच्या सांगण्यावरून, फारसा फरक नव्हता. व्यायामाच्या गटातल्या साधारण निम्म्यांना पाच वर्षांत शस्त्रक्रिया लागली, निम्म्यांना लागली नाही. ब्रिटनमधला 2022 सालचा 316 जणांचा अभ्यास मात्र वेगळं सांगतो. त्यात जुनी दुखापत असलेले, गुडघा सटकण्याचा त्रास चालूच असलेले लोक होते, आणि त्यांच्यात शस्त्रक्रिया केलेल्यांचे गुडघे जास्त बरे निघाले.

मला या दोन्हींत विरोध दिसत नाही. दुखापत ताजी आहे, गादी शाबूत आहे, काम बैठं आहे, खेळ सोडायला हरकत नाही, तर तीन महिने मनापासून व्यायाम करून बघणं शहाणपणाचं आहे. पण जिना उतरताना, रस्त्यात वळताना गुडघा पुन्हा पुन्हा सटकत असेल, तर 'बघू पुढे' म्हणत वर्ष काढू नये. प्रत्येक सटकण्यात गादी आणि कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, घासली जाते, आणि त्यांची दुरुस्ती लिगामेंटपेक्षा अवघड असते. फाटलेली गादी मध्ये येऊन गुडघा अडकला असेल, सरळच होत नसेल, तर वेळ घालवायचाच नाही.

एक समज जाता जाता दूर करते. लिगामेंट बसवलं की पुढे गुडघेदुखीचा संधिवात होणार नाही, अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. एसीएल तुटलेल्या गुडघ्याला तो धोका शस्त्रक्रियेनंतरही जास्तच राहतो. शस्त्रक्रिया करायची ती गुडघा सटकू नये म्हणून.

नुसतं शिवून का भागत नाही

पेशंट हमखास विचारतात, 'ताई, तुटलंय तर तेच शिवत का नाहीत?' शिवून बघितलेलं आहे. इंग्लंडमध्ये मेयो रॉब्सन यांनी 1895 साली एका खाणकामगाराच्या गुडघ्यात तसे टाके घातले होते. पुढे अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतल्या कॅडेट्सवरही टाके घालून दुरुस्ती केली गेली. सुरुवातीचे निकाल उत्साह वाढवणारे होते. पाच वर्षांनी तेच गुडघे तपासले तेव्हा बहुतेक पुन्हा सैल झालेले किंवा दुखावलेले निघाले. तो अहवाल 1976 साली आला, आणि शिवण्याची पद्धत मागे पडून नवीन लिगामेंट बसवण्याचा काळ सुरू झाला.

गेल्या काही वर्षांत शिवण्याकडे पुन्हा लक्ष गेलंय. लिगामेंट अगदी वरच्या टोकाला, मांडीच्या हाडापासून सुटलेलं असेल आणि बाकीचं धड असेल, तर ते परत हाडाला बांधता येतं, सोबत आधाराला मजबूत टेप घालून. दुसरी पद्धत बॉस्टनमधल्या मार्था मरे यांच्या संशोधनातून आली. गाईच्या कोलॅजेनपासून बनवलेला स्पंजासारखा तुकडा पेशंटच्याच रक्तात भिजवून दोन टोकांमध्ये बसवायचा, म्हणजे गुठळी तिथे टिकून राहते. अमेरिकेत डिसेंबर 2020 मध्ये तिला परवानगी मिळाली. कल्पना सुंदर आहे, कारण मूळ अडचणीवरच हात घालते. पण ती ताज्या जखमेसाठी आहे, अनुभव अजून थोड्या वर्षांचा आहे, आणि गाईपासून बनवलेली वस्तू शरीरात नको असं आपल्यातल्या पुष्कळांना वाटेल, तेही खरंच. आज तुम्हाला बडोद्यात शस्त्रक्रिया सांगितली असेल, तर ती जवळजवळ नक्की नवीन लिगामेंट बसवण्याचीच असणार.

कुठून घ्यायचं

नवीन लिगामेंट म्हणून जी पट्टी बसवतात तिला ग्राफ्ट म्हणतात. ती बहुधा आपल्याच शरीरातली कंडरा असते. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पांढरा, चिवट भाग. निवड मुख्यतः चार जागांमध्ये असते.

आपल्याकडे सर्वांत जास्त वापर हॅमस्ट्रिंगचा. गुडघ्याच्या खाली, नडगीच्या आतल्या बाजूला दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेतात. तिथून मांडीच्या मागच्या दोन कंडरा एका लांब पोकळ अवजाराने वरपर्यंत सोडवून ओढून काढतात. मग त्या बाजूच्या टेबलावर जातात. तिथे सहायक डॉक्टर बोथट धारेने त्यांच्यावरचा लालसर स्नायू खरवडून काढतो, दोन्ही टोकांना दोऱ्याने घट्ट विणून घेतो, घडी घालून चार पदर करतो आणि ताणून ठेवतो. शेवटी भोकं पाडलेल्या एका मोजपट्टीतून ग्राफ्ट ओढून बघतात: 7 च्या भोकातून जातो का, साडेसातच्या, 8 च्या. हा आकडा फार महत्त्वाचा आहे. 8 मिलिमीटरपेक्षा बारीक ग्राफ्ट पुन्हा तुटण्याचा धोका जास्त असतो, आणि तरुण वयात तर अधिकच. लहान चणीच्या मुलींच्या कंडरा पुष्कळदा बारीक निघतात. तेव्हा सर्जन पाच किंवा सहा पदर करतात, नाहीतर दुसरीकडून घेतात. ही तयारी आधीच ठेवली आहे का, हे विचारायला लाजू नका.

हॅमस्ट्रिंगचा छेद लहान, गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखणं कमी. पण टाच ढुंगणापर्यंत नेण्याची ताकद त्या पायात थोडी कमी राहते. बहुतेकांना ते जाणवतही नाही. जाणवतं ते मल्लखांबाच्या मुलांना. जुम्मादादा व्यायाम मंदिरासारखे जुने आखाडे असलेलं हे शहर, इथे हा विचार करायलाच हवा. दोरीच्या मल्लखांबावर वाकलेल्या पायात दोरी पकडून अंगाचं वजन पेलायचं असतं, म्हणजे ज्या ताकदीवर हॅमस्ट्रिंग काढल्याचा परिणाम होतो नेमकी तीच. धावपटूंनाही हा प्रश्न येतो.

दुसरी जागा म्हणजे वाटीच्या खालची कंडरा, पटेलर टेंडन. तिचा मधला तिसरा हिस्सा, साधारण 10 मिलिमीटर रुंद, वरच्या टोकाला वाटीचा आणि खालच्या टोकाला नडगीचा हाडाचा तुकडा ठेवून काढतात. मग ग्राफ्टसाठी हाडात पाडलेल्या बोगद्यात हाडाला हाड लागतं आणि सहा-आठ आठवड्यांत ते सांधतं. कंडरा हाडात धरायला त्याहून जास्त वेळ घेते. पाश्चात्त्य देशांत स्पर्धात्मक खेळाडूंसाठी वर्षानुवर्षं ही पहिली पसंती राहिली आहे. नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये अशा प्रत्येक शस्त्रक्रियेची राष्ट्रीय नोंद ठेवतात. त्या नोंदींतही हॅमस्ट्रिंगच्या मानाने पटेलर टेंडनवाल्यांना दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया कमी वेळा लागलेली दिसते. फरक मोठा नाही, पण आहे.

मग सगळ्यांना हीच का करत नाहीत? गुडघा टेकल्यावर दुखतो म्हणून. ज्या देशात दिवसभर खुर्चीवर बसतात तिथे हे चालून जातं. आपल्याकडे देवासमोर गुडघे टेकायचे, खाली बसून भाजी निवडायची, फरशी पुसायची, वज्रासनात बसायचं. दांडिया बाजारातल्या काकूंना पटेलर टेंडनचा ग्राफ्ट लावून त्यांचा गुडघा मैदानासाठी मजबूत केला, पण देवघरात टेकेनासा झाला, तर तो सौदा त्यांच्या कामाचा नाही. फरशी बसवणारे, वायरमन, गाडीखाली शिरून काम करणारे मेकॅनिक, यांनी आपला धंदा डॉक्टरांना आवर्जून सांगावा. पुष्कळ पेशंट सांगतच नाहीत. डॉक्टर 'काय काम करता' म्हणून विचारतात आणि उत्तर येतं 'प्रायव्हेट'. यावरून त्यांनी काय ठरवायचं?

तिसरी जागा वाटीच्या वरची, क्वाड्रिसेप्सची कंडरा. जाड, भरपूर, आणि गुडघा टेकताना त्रास पटेलर टेंडनपेक्षा कमी. अलीकडे जगभर तिचा वापर वाढतोय. माझ्या कामाच्या बाजूने एक अडचण सांगते: मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद परत आणायला जास्त मेहनत पडते, आणि एसीएलनंतर मुळात तोच स्नायू सगळ्यांत आळसावतो.

चौथी पेरोनिअस लाँगस, घोट्याच्या बाहेरच्या बाजूने वर जाणारी कंडरा. भारतात आणि इंडोनेशियात ती बरीच वापरली जाते, पश्चिमेकडे कमी. काढायला सोपी, पुरेशी जाड, आणि गुडघ्याच्या आजूबाजूचं काहीच उणं होत नाही. तिचं काम शेजारची पेरोनिअस ब्रेव्हिस बऱ्याच अंशी सांभाळते. आतापर्यंतच्या अभ्यासांत घोट्याचं काम बहुतेकांचं चांगलं राहिलेलं दिसतं, काहींत पाऊल बाहेर वळवण्याची ताकद थोडी कमी मिळते. जमिनीवर बसणाऱ्या, गुडघे टेकणाऱ्या माणसाला ही चांगली निवड आहे असं माझं मत. घोटा वारंवार मुरगळतो अशाला मात्र मी हिच्याबद्दल सर्जनशी नीट बोलायला सांगते. गुडघ्यातली दोन-तीन लिगामेंटं एकदम तुटलेली असतात तेव्हा तर हिचा मोठा आधार होतो, कारण ग्राफ्ट पुरेसे लागतात.

मृत दात्याकडून घेतलेला ग्राफ्ट आपल्याकडे सहज मिळत नाही, आणि तरुण खेळाडूंमध्ये तो स्वतःच्या कंडरेपेक्षा जास्त वेळा तुटतो. कृत्रिम लिगामेंटांचा उत्साह 1980 च्या दशकात मोठा होता, कार्बन फायबर, डेक्रॉन, गोर-टेक्स. ती झिजली, तुटली, त्यांच्या कणांनी सांधे सुजले. नवीन पिढीची कृत्रिम लिगामेंटं आली आहेत, तरी पहिल्याच शस्त्रक्रियेत तरुण माणसाला ती बसवण्याची घाई करू नये.

कुठे बसवायचं

पेशंटचा सगळा जीव ग्राफ्ट आणि स्क्रूच्या कंपनीत अडकलेला असतो, पण माझ्या दृष्टीने शस्त्रक्रियेचं मर्म इथे आहे. ग्राफ्ट बसवायला मांडीच्या हाडात एक आणि नडगीत एक असे बोगदे पाडतात. हे बोगदे सांध्यात नेमके कुठे उघडतात यावर ग्राफ्टचा कोन आणि ताण ठरतो. आपल्याकडच्या घरांत छताला झोपाळा टांगलेला असतो. साखळी कितीही भारी असो, कडी दोन बोटं चुकीच्या जागी ठोकली तर झोपाळा तिरकाच जाणार. गुडघ्यात ते अंतर बोटांचं नसून मिलिमीटरचं असतं.

पूर्वी बहुतेक सर्जन आधी नडगीतला बोगदा पाडत आणि त्यातूनच ड्रिल वर नेऊन मांडीच्या हाडात दुसरा पाडत. याला ट्रान्सटिबियल पद्धत म्हणतात. सोपी आणि वेगवान, पण वरच्या बोगद्याची जागा खालच्या बोगद्याच्या दिशेला बांधली जाते. त्यामुळे ग्राफ्ट पुष्कळदा जास्त उभा बसायचा. उभा ग्राफ्ट नडगीला पुढे सरकण्यापासून अडवतो, गुडघ्याचं फिरणं तितकंसं अडवत नाही. पेशंट सरळ रेषेत धावतो, जिना चढतो, आणि वळण आलं की म्हणतो, 'विश्वास वाटत नाही.'

म्हणून मग वरचा बोगदा वेगळ्या छिद्रातून, गुडघा भरपूर वाकवून, मूळ लिगामेंटच्या जागीच पाडायची पद्धत आली. तिला अँटेरोमीडियल पोर्टल म्हणतात. ग्राफ्ट तिरका, निसर्गाने ठेवला होता तसा बसतो. आज बहुतेक ठिकाणी हेच किंवा याच्या जवळपासचं करतात. पण इथेही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. डेन्मार्कच्या राष्ट्रीय नोंदींवरून 2013 साली आलेल्या अभ्यासात नव्या पद्धतीने केलेल्या गुडघ्यांना पुन्हा शस्त्रक्रिया जास्त वेळा लागलेली निघाली. कारणं दोन सांगतात. सर्जनांचे हात नव्या पद्धतीवर अजून बसायचे होते. आणि ग्राफ्ट मूळ जागी बसला की त्याच्यावर मूळ लिगामेंटएवढाच भार येतो, म्हणजे लवकर मैदानात उतरलेल्याला तो जास्त जपायला लागतो. 'तुम्ही कोणती पद्धत करता' याच्याइतकंच 'ही पद्धत तुम्ही नेहमी करता का' हे विचारणं महत्त्वाचं आहे. चांगल्या सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही.

बाकीचे फरक मी थोडक्यात आटोपते, कारण त्यांच्यावर खर्च होणारी चिंता त्यांच्या महत्त्वाच्या मानाने फार मोठी असते. ग्राफ्ट हाडात पक्का धरून ठेवणारा स्क्रू टायटॅनियमचा, विरघळणारा की पीक नावाच्या प्लास्टिकचा, आणि वरती स्क्रू की हाडाच्या बाहेर अडकणारं छोटं बटण, यांनी शेवटच्या निकालात मोठा फरक पडलेला दिसत नाही. टायटॅनियम असलं तरी पुढे एमआरआय करता येतो, फक्त त्या जागेचं चित्र थोडं धूसर येतं. विरघळणारा स्क्रू महाग असतो म्हणून जास्त चांगला असं नाही, क्वचित तो विरघळताना हाडात पाण्याची गाठ होते. मूळ एसीएलचे दोन जुडगे असतात म्हणून दोन ग्राफ्ट आणि चार बोगदे करण्याची पद्धत मध्यंतरी गाजली. यंत्राने मोजल्यावर फिरण्यावर थोडा जास्त ताबा दिसतो, पेशंटला जाणवेल असा फरक फारसा नाही, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर ते चार बोगदे डोकेदुखी होतात. मेहुण्याने सांगितलेली ऑल-इनसाइड पद्धत म्हणजे हाडाच्या आरपार बोगदा न पाडता आतून अर्धाच खड्डा करायचा, एकच हॅमस्ट्रिंग चार घड्या करून वापरायची आणि दोन्हीकडे बटणं लावायची. सुरुवातीचं दुखणं थोडं कमी, दुसरी हॅमस्ट्रिंग वाचते. एक-दोन वर्षांनंतरचा गुडघा मात्र दोन्हींचा साधारण सारखाच.

एका जोडशस्त्रक्रियेवर मात्र थांबायला हवं. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने मांडीवर एक रुंद पट्टा असतो, आयटी बँड. त्यातली साधारण एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी सोडवून बाजूच्या लिगामेंटखालून नेऊन मांडीच्या हाडाला बांधतात, की गुडघ्याच्या फिरण्याला बाहेरूनही लगाम बसतो. कल्पना जुनी आहे, फ्रान्सचे लेमेर यांनी 1967 साली मांडलेली, मध्ये विसरली गेलेली. कॅनडा आणि युरोपात 14 ते 25 वयाच्या 618 पेशंटांवर झालेल्या अभ्यासाने ती परत आणली. 2020 साली निकाल आले: नुसता हॅमस्ट्रिंग ग्राफ्ट केलेल्यांत दोन वर्षांत 11 टक्क्यांचा ग्राफ्ट तुटला, बाहेरची पट्टीही बांधलेल्यांत 4 टक्क्यांचा. त्या अभ्यासात मुद्दाम जास्त धोक्याचेच पेशंट घेतले होते: वळणाचे खेळ खेळणारे, सांधे सैल असलेले, गुडघा फार फिरणारे. पंचविशीच्या आतला मुलगा किंवा मुलगी कबड्डी, खो-खो, फुटबॉल परत खेळणार असेल, तर 'बाहेरची पट्टी बांधायची गरज आहे का' हा प्रश्न विचारून घ्याच. पन्नाशीच्या गृहिणीला तिची गरज क्वचितच पडते.

मूल अजून वाढतं असेल, तर हाडांच्या टोकांच्या वाढीच्या जागा उघड्या असतात आणि बोगदे, स्क्रू त्यांना धक्का लावू शकतात. अशा वेळी मुलांच्या गुडघ्यांचा अनुभव असलेला सर्जनच शोधा, मग त्यासाठी अहमदाबाद-मुंबई गाठावी लागली तरी.

बसवल्यानंतर

शस्त्रक्रिया टेबलावर संपली त्या क्षणी ग्राफ्ट चांगला बळकट असतो. चौपदरी हॅमस्ट्रिंग तर मूळ एसीएलपेक्षा जास्त ओढ सहन करते. पण तिचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. शरीर तिच्यातल्या जुन्या पेशी काढून टाकतं आणि नव्या भरतं, आणि या बदलाच्या काळात, साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात, ग्राफ्ट सगळ्यांत कमकुवत होतो. नेमकं याच सुमाराला दुखणं थांबलेलं असतं, सूज उतरलेली असते, आणि पेशंटला वाटतं आपण बरे झालो. मला सगळ्यांत धास्ती या आठवड्यांची वाटते. पहिल्या आठवड्यात कण्हणाऱ्या पेशंटची मला तितकी काळजी नसते.

पहिल्या दिवसांचं काम दिसायला अगदी साधं. टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल, गुडघा पूर्ण सरळ, आणि मांडी आवळायची. पेशंट डोळे वटारून मांडीकडे बघत राहतो, दात आवळतो, खांदे वर जातात, आणि वाटीच्या वरचा आतला स्नायू हलतसुद्धा नाही. सुजलेला सांधा त्या स्नायूकडे जाणारा संदेशच दाबून टाकतो. इच्छाशक्ती कमी पडली असं नसतं. मी बोट ठेवून म्हणते, 'इथे, माझ्या बोटाला ढकला.' कधी त्या दिवशीच, कधी चौथ्या दिवशी तिथे बारीक थरथर येते. गुडघा पूर्ण सरळ होणं आणि ही थरथर येणं, पहिल्या दोन आठवड्यांत मला एवढंच हवं असतं. म्हणूनच शस्त्रक्रिया सूज उतरून, गुडघा सरळ व्हायला लागल्यावर करणं चांगलं. गरम, सुजलेल्या गुडघ्यावर घाईने केली तर तो आखडून बसण्याचा धोका वाढतो.

खेळायला परत कधी? नॉर्वेतल्या एका अभ्यासाने 2016 साली दाखवलं, की नवव्या महिन्यापर्यंत खेळ जितका पुढे ढकलाल, तितका प्रत्येक महिन्यागणिक गुडघा पुन्हा दुखावण्याचा धोका साधारण निम्म्याने कमी होतो. नऊ महिने ही कमीत कमी मुदत झाली. तेव्हाही मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान 90 टक्के भरलेली हवी, एका पायावरची उडी दोन्ही पायांची सारखी पडायला हवी. नवरात्रात लिगामेंट तुटलं आणि दिवाळीनंतर शस्त्रक्रिया झाली, तर पुढच्या नवरात्रापर्यंत वेळ मिळतो, व्यायाम चुकवला नाही तर. मे महिन्यात केली आणि 'दसऱ्यापर्यंत होईल ना?' असं कुणी विचारलं, तर उत्तर नाही असंच आहे, ग्राफ्ट कुठलाही असो.

दुसऱ्या पायाकडेही लक्ष द्यायला हवं. एकदा एसीएल तुटलेल्या तरुण खेळाडूचं दुसऱ्या गुडघ्यातलं एसीएल तुटण्याचा धोकाही इतरांपेक्षा जास्त असतो, कारण उतरायची, वळायची सवय दोन्ही पायांची तीच असते. व्यायाम दोन्ही पायांचा घ्यायचा.

शेवटी, एक कागद. दवाखान्यातून सुटताना डिस्चार्ज कार्डावर बहुधा एवढंच असतं: 'एसीएल रिकन्स्ट्रक्शन, डावा गुडघा.' ते पुरत नाही. शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद मागून घ्या. ग्राफ्ट कुठला, किती मिलिमीटर जाडीचा, बोगदा कुठल्या पद्धतीने, वर-खाली काय बसवलं, गादी शिवली की कापली, कूर्चेची स्थिती काय. गादी शिवली असेल तर पहिले काही आठवडे किती वाकवायचं आणि किती वजन द्यायचं हे सगळंच बदलतं. हा कागद नसेल तर फिजिओला सर्जनना फोन करून विचारत बसावं लागतं. आणि दहा वर्षांनी ग्राफ्ट तुटलाच, तर नव्या सर्जनला आधी हेच हवं असतं की कुठल्या कंडरा आधीच काढल्यात आणि कुठल्या शिल्लक आहेत. नोंद हातात पडली की तिचा फोटो काढा आणि घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा.